काहूनबाईंचा व्हिसा

आमच्या दिग्रसमध्ये 'काहून', म्हणजे 'का', हा शब्द कुणी उत्तराच्या अपेक्षेने वापरत नाही. काहून आलता, काहून बसला, काहून सुकला म्हणून विचारायचं आणि उत्तराची वाट न पाहता पुढे निघून जायचं. मारीतबाई मात्र 'काहून?' म्हणून थांबायच्या. मान जराशी डावीकडे झुकवून, समोरच्याच्या तोंडाकडे बघत, उत्तर येईपर्यंत उभ्या राहायच्या. भर बाजारात, उन्हात, मागे कापसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत असला तरी त्या हलायच्या नाहीत. एका वांगेवाल्याला त्यांनी विचारलं होतं, की वांगी काटेरी असतात ती काहून. तो बिचारा संध्याकाळपर्यंत त्याचाच विचार करत बसला. त्यांचं नाव काहूनबाई पडलं ते तिथेच.

खरं नाव मारीत. एस्टोनिया नावाच्या देशातून त्या आल्या होत्या. तो अमेरिकेत नाही हे कळल्यावर बऱ्याच जणांचा त्यांच्यातला रस कमी झाला. उंच, हाडापेराने मोठ्या, पन्नाशी गाठलेल्या, पांढरट पिवळे केस मागे रबराने बांधलेले, अंगात सुती कुडता आणि पायात मोटारसायकलवाले घालतात तसले बूट. "माझं नाव मारीत, पण मी कोणाले मारीत नाही," हा विनोद त्या ओळख करून देताना स्वतःच करून टाकायच्या, म्हणजे दुसऱ्याला करावा लागू नये. त्यांचं मराठी संपूर्ण आमच्याकडचं होतं. ज्या पुण्याच्या संस्थेमार्फत त्या आल्या होत्या तिथल्या चर्चासत्रात त्या "मी याच्यावर अभ्यास करून राह्यली" म्हणाल्या तेव्हा लोक हसले होते. लोक काहून हसले, हे त्यांनी तिथेही थांबून विचारलं होतं.

मी इथल्या महाविद्यालयात मराठी शिकवतो. 'शिकवतो' हे जरा भारदस्त झालं. मी तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे जितके तास घ्यायचे तितकाच प्राध्यापक, उरलेला वेळ सामान्य माणूस. दर जूनमध्ये माझी नेमणूक नव्याने होते आणि दर एप्रिलमध्ये मी संपतो. शिक्षक-खोलीत कायम प्राध्यापकांना खुर्च्या आहेत. आमच्यासाठी पाण्याच्या माठाशेजारी एक बाक आहे. मारीतबाई पहिल्यांदा महाविद्यालयात आल्या तेव्हा प्राचार्यांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं, कारण मोकळा मीच होतो. मी बाकावरून उठून, शुद्ध पुस्तकी मराठीत त्यांचं स्वागत केलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमाले सर म्हणतेत, मंग तुमाले खुर्ची काहून नाही?"

मी त्यांना सविस्तर उत्तर दिलं. पदभरतीवरची बंदी, आरक्षणाची बिंदुनामावली, अनुदानाचं धोरण, यातलं मी काहीही सोडलं नाही. तेवढं सगळं त्यांनी उभ्याने ऐकलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तुमचाही व्हिसा दरसाल नवा करा लागते." इतक्या वर्षांत माझ्या नोकरीचं इतकं नेमकं वर्णन कुणी केलं नव्हतं. मी स्वतःही नाही, आणि वर्णन करणं हा तर माझा विषय.

त्या आमच्याच घरी वरच्या खोलीत राहायला आल्या. त्यांचा विषय होता बंजारा बायकांची गाणी, त्यातही ढावलो. लग्न होऊन मुलगी तांडा सोडते तेव्हा एकेकाच्या गळ्यात पडून ती रडत रडत जे गाते, ते ढावलो. पूर्वी मुली महिनोन्‌महिने आधी ते शिकायच्या, आता मांडवात डीजे वाजतो. गावाबाहेरच्या तांड्यात झमकीयाडी म्हणून एक म्हातारी होती. याडी म्हणजे आई. अख्खा तांडा तिला याडीच म्हणायचा. आईसाठी कोणतं, भावासाठी कोणतं, दारातल्या गाईसाठी कोणतं, असं सगळं ढावलो क्रमाने येणारी त्या तांड्यात ती एकटीच उरली होती. मारीतबाई रोज सकाळी जुनी मोपेड फटफटवत तिच्याकडे जायच्या.

पहिल्या दिवशी मी सोबत गेलो. मराठीचा प्राध्यापक, लोकसाहित्यावर माझी तीन व्याख्यानं कायम तयार असतात. झमकीयाडीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हे गाणं पुरुषांसमोर म्हणत नाहीत असं सांगून मला बाहेर निंबाखाली बसवलं. तिथे दोन म्हशी होत्या. माझ्या घरापासून तो तांडा इतका जवळ, की तिथला ढोल आमच्या गच्चीवर ऐकू येतो. तरी मी तिथे तोवर कधी गेलो नव्हतो, आणि गेलो तेव्हाही बाहेरच बसलो.

दुसऱ्या दिवशी दुभाषी म्हणून माझी बायको सुनंदा गेली. ती महागावची. तिच्या माहेरच्या भिंतीला लागून एका बंजारा कुटुंबाचं घर होतं, आणि तिचं सगळं लहानपण त्यांच्या ओट्यावर गेलं होतं. तिला गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा, अस्खलित येते हे मला त्या दिवशी कळलं, लग्नाला वीस वर्षं झाल्यावर. मी तिला म्हटलं, तू मला कधी सांगितलं नाहीस. ती पोळपाट धूत होती. म्हणाली, तुम्ही कधी विचारलं नाही. मारीतबाईंनी मात्र आमच्याकडे राहायला आल्यावर तिसऱ्याच दिवशी विचारलं होतं.

असं वर्षभर चाललं. आणि मग पुण्याच्या संस्थेतला त्यांचा प्रकल्प संपला. लगेच दक्षिणेकडच्या एका विद्यापीठाने त्यांना दोन वर्षांची जागा देऊ केली, विषय तोच, तांडा तोच. आम्ही पेढे आणले. पेढा तोंडात असतानाच बाई म्हणाल्या, की त्यांचा संशोधनाचा व्हिसा पुण्याच्या संस्थेच्या नावावर आहे आणि तो थोड्याच दिवसांत संपतो.

मी म्हटलं, "मी आहे ना."

हे वाक्य मी का म्हटलं, याचा खुलासा करायला हवा. आमच्या आळीत परदेशविषयक सगळे प्रश्न माझ्याकडे येतात. कुणाचा मुलगा दुबईला चालला, कुणाची भाची कॅनडाला, की लोक मला विचारतात. कारण मी एकदा एका परिषदेसाठी काठमांडूला जाऊन आलो आहे. तिथे जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही, ही गोष्ट मी होऊन कुणाला सांगितली नव्हती.

बाईंना व्हिसाची माहिती माझ्या शंभरपट होती. उभं आयुष्य त्यांनी या विद्यापीठातून त्या विद्यापीठात, दोन-दोन वर्षांच्या नेमणुकांवर काढलं होतं. पण सल्ला देणाऱ्याला त्या कधी तोडत नसत. आम्ही यष्टीने यवतमाळला पोलीस अधीक्षक कार्यालयात गेलो, तिथे परदेशी नागरिकांची नोंद असते. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो आणि साहेबांशी इंग्रजीत सुरुवात केली. माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत बाई आणि साहेब वऱ्हाडीत बोलायला लागले होते. साहेब मूळचे दारव्ह्याचे निघाले. त्यांनी चहा मागवला, सगळं शांतपणे समजावून सांगितलं. शेवटी माझ्याकडे वळून मी कोण ते विचारलं. मी म्हटलं, स्थानिक समन्वयक. त्यांनी कागदावर 'घरमालक' असं लिहिलं.

त्यांनी सांगितलं ते असं. व्हिसा संस्थेशी बांधलेला असतो. संस्था बदलायची तर वरून परवानगी आणावी लागते, आणि त्यासाठी जुन्या संस्थेचं ना हरकत पत्र आणि नव्या संस्थेचं नेमणूकपत्र, दोन्ही लागतात. नाहीतर मायदेशी परत जायचं आणि नव्या संस्थेच्या नावाने नव्याने अर्ज करायचा. तिसरी वाट त्यांच्या माहितीत नव्हती.

पहिल्या वाटेवर आम्ही जे चाललो त्याला चालणं म्हणता येणार नाही. पुण्याची संस्था म्हणाली, बाई आता आमच्याकडे नाहीत, ज्या आमच्या नाहीत त्यांच्याबद्दल आमची हरकत असणार कशी आणि नसणार तरी कशी. नवं विद्यापीठ म्हणालं, आधी वैध व्हिसा दाखवा, मग नेमणूकपत्र देऊ. मी दोन्हीकडे फोन करायचो, आणि दोन्हीकडे माझं म्हणणं इतकं पटायचं की ते मला दुसरीकडे फोन करायला सांगायचे.

मग मी स्वतःच्या कल्पना लढवायला लागलो. एक कल्पना अशी, की नोकरीचा व्हिसा काढावा. पण विद्यापीठ त्यांना पगार देणार नव्हतं, शिष्यवृत्ती देणार होतं, आणि शिष्यवृत्ती म्हणजे नोकरी नव्हे. दुसरी कल्पना मला फारच आवडली होती. विद्यार्थ्यांचा वेगळा व्हिसा असतो. बाईंनी आमच्याच महाविद्यालयात बीए प्रथम वर्षाला, मराठी विषय घेऊन प्रवेश घ्यावा. प्राचार्य तर हरखूनच गेले. मूल्यांकन समितीला दाखवायला परदेशी विद्यार्थिनी, तीही चालती-बोलती. त्यांनी माझ्यासाठी एक खुर्चीसुद्धा मागवतो म्हटलं. मी धावत घरी येऊन बाईंना ही योजना सांगितली.

बाईंनी मान डावीकडे झुकवली. "तुम्ही मले मराठी शिकवसान?" त्यांनी विचारलं. त्यात काहीही कुचकेपणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. सुनंदा आत गेली आणि बराच वेळ स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज येत राहिला. शिवाय देशात बसून एका प्रकारचा व्हिसा दुसऱ्या प्रकारात असा सहसा बदलून मिळत नाही, हेही बाईंनी मग हळूच सांगितलं. ते त्यांना आधीच ठाऊक होतं.

झमकीयाडीला हा सगळा घोळ सुनंदाने समजावून सांगितला. कागदावरचं कुणाचं नाव बदललं म्हणून चांगल्या बाईला देश सोडायला लागतो, हे तिला काही केल्या पटेना. तिने विचार करून सांगितलं, की हिचं लग्न लावून टाका. पुसदकडे तिच्या नात्यातला एक विधुर होता, घरचं शेत, स्वभावाने गरीब. लग्न झालं की माणूस तिथलाच होतो, तेव्हा कोण हाकलेल. तांड्यातल्या बायकांनी ही गोष्ट दोन दिवस अगदी गंभीरपणे चालवली. त्या विधुराचा फोटोही आला. बाईंनी फोटो नीट पाहिला, माणूस चांगला दिसतो म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी परत केला. नियमांच्या दृष्टीने पाहिलं तर म्हातारीची सूचना माझ्या सगळ्या सूचनांपेक्षा बरी होती.

शेवटी मी माझा हुकमी उपाय काढला. परत जा, आठवड्याभरात पर्यटकाचा व्हिसा घेऊन या, तो घरबसल्या मिळतो. इथे आलात की तांड्यात जायला कोण अडवतं. यवतमाळहून बघायला कोण येणार आहे. संध्याकाळची वेळ होती, आम्ही तिघं ओट्यावर बसलो होतो. मग मी आणखी जोर लावला. म्हटलं, म्हातारी थकली आहे, नव्या व्हिसाला किती महिने लागतील देव जाणे, तोवर ती राहिली नाही तर काय करणार.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापर्यंत मी ते पाहिलं नव्हतं.

"सर, याडीनं मले तिचं गाणं देलं," त्या म्हणाल्या. "मी टूरिस्ट म्हणून आली अन् ते घेतलं, तर ते गाणं चोरीचं होते. उद्या कोणी विचारलं, हे कुठून आणलं, तर मी काय सांगू? तिचं नाव मले खोट्या कागदावर नाही ठेवायचं."

सुनंदा म्हणाली, "ताई, तुम्ही जा. राहिलेलं मी करते."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. सुनंदा ब्लाउज शिवते, वाती करते, घर चालवते. यंत्राला तर ती हातही लावत नाही असं माझं मत होतं. बाईंनी आत जाऊन ध्वनिमुद्रणाचं यंत्र आणलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. दोघी अंधार पडेपर्यंत त्याची बटणं दाबत बसल्या. मी मध्ये एकदा सूचना केली. ती कुणी ऐकली नाही.

बाई व्हिसा संपायच्या आत गेल्या. त्यानंतर सुनंदा रोज दुपारी तांड्यात जायला लागली. तिला मोपेड येत नसल्याने सोडायला मी. माझी निंबाखालची जागा ठरलेलीच होती, म्हशीही आता ओळखायला लागल्या होत्या. आतून आवाज यायचे. कधी म्हातारीचा एकटीचा, चिरका, मध्येच तुटणारा. कधी दोघींचं हसणं. एकदा आत दोघी रडत होत्या. मी उठून उभा राहिलो, पुढे काय करावं ते सुचेना म्हणून परत बसलो. घरी जाताना विचारलं तर सुनंदा म्हणाली, बहिणीसाठीचं ढावलो होतं. सुनंदाची बहीण लहानपणीच गेली होती. मला ते ठाऊक होतं, पण एवढं ठाऊक नव्हतं.

तिकडे बाईंचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. पावसाळा गेला, कापूस फुटला, वेचणी सुरू झाली. झमकीयाडी अंथरुणाला खिळली तेव्हाही सुनंदा जातच होती. म्हातारी आता गात नव्हती, नुसते शब्द सांगायची, आणि ते गाऊन दाखवताना चाल चुकली की सुनंदाच्या हातावर चापट मारायची. दारातल्या गाईचं ढावलो तेवढं राहिलं. ते सांगायच्या आधीच एका सकाळी ती गेली.

बाईंना व्हिसा मिळाला तो त्यानंतर थोड्याच दिवसांनी, नव्या विद्यापीठाच्या नावाने, रीतसर. त्या आल्या त्या सरळ तांड्यात गेल्या, सामानासकट. झमकीयाडीच्या ओट्यावर बसल्या. तांड्यातल्या बायका त्यांच्याभोवती बसल्या. त्या दिवशी त्यांनी कुणालाही काही विचारलं नाही. सुनंदाने यंत्र सुरू केलं आणि म्हातारीचा आवाज अंगणात आला, तेव्हा मला पहिल्यांदाच कुणी निंबाखाली जायला सांगितलं नाही. पण मी आपणहूनच गेलो.

पुढची दोन वर्षं बाई येत-जात राहिल्या. त्यांचं पुस्तक झालं तेव्हा वर झमकीयाडीचं नाव आहे, खाली बाईंचं आणि सुनंदाचं. आभाराच्या पानावर मीही आहे. वाहतुकीची व्यवस्था केल्याबद्दल. महाविद्यालयात मी ते पान सर्वांना दाखवलं, आणि वाहतूक या शब्दाचा व्यापक अर्थही समजावून सांगितला. मग तीही नेमणूक संपली. बाईंना तिसऱ्याच एका देशात जागा मिळाली आणि पुन्हा नवे अर्ज, नवी ना हरकत पत्रं सुरू झाली. दिग्रसच्या बसस्थानकावर आम्ही त्यांना सोडायला गेलो. त्यांना रडू आवरेना, सुनंदालाही आवरेना. मी बस कोणत्या फलाटाला लागते याची चौकशी करून आलो, जी आमच्यासमोरच उभी होती.

गेल्या वर्षी त्यांचा फोन आला. सुनंदालाही ऐकू यावं म्हणून मी स्पीकर लावला. आवाज थकलेला वाटला. त्यांना त्यांच्याच देशात, त्यांच्याच गावाजवळच्या विद्यापीठात अखेर कायमची जागा मिळाली होती. मी अभिनंदन केलं. कायम नोकरी मिळाल्यावर माणसाला कसं वाटतं, हे मला कुणाकडून तरी ऐकायचंच होतं, म्हणून विचारलं.

"सर, आता मले कोणी हाकलू शकत नाही," त्या म्हणाल्या, "अन् मले इथं करमून नाही राह्यलं."

मी म्हटलं, मग या इकडे.

"कोन्त्या व्हिसावर?" त्यांनी विचारलं. संशोधन झालं होतं, नेमणूक दुसरीकडे होती, आता त्यांचं इथं कसलंच काम नव्हतं. मी सवयीने तोंड उघडलं.

सुनंदाने माझ्या हातातून फोन घेतला. "ताई, टूरिस्टवर या," ती म्हणाली. "काम काही नाही. नुसत्या बसाले या."

पलीकडून बाईंनी विचारलं, की थंडीत येऊ का उन्हाळ्यात. सुनंदा म्हणाली, थंडीतच, तुरीच्या शेंगा भरल्या की या. दोघींनी मिळून उकडू, अन् ओट्यावर बसून खाऊ.